टेलिहँडलर: साइटवरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकण, तळेगाव, हिंजवडी या पट्ट्यातल्या साइटवरची यंत्रं सांभाळणं हे माझं काम. टेलिहँडलर हवा म्हणून फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती टनी आहे?" मी उलट विचारतो, "माल किती लांब टाकायचाय?" पलीकडे क्षणभर शांतता. खालचे बहुतेक प्रश्न त्या शांततेनंतर आलेले आहेत. काही कंत्राटदारांचे, काही नव्या साइट इंजिनिअरांचे, दोन-तीन ऑपरेटरांचे.

टेलिहँडलर म्हणजे जेसीबीच ना?

नाही, पण गोंधळ समजण्यासारखा आहे. आपल्याकडे पुढे बकेट आणि मागे खोदायचा हात असलेल्या पिवळ्या यंत्रालाच लोक जेसीबी म्हणतात. ते बॅकहो लोडर. जेसीबी हे कंपनीचं नाव आहे आणि तीच कंपनी टेलिहँडलरही बनवते. तिने १९७७ मध्ये 'लोडऑल' या नावाने ते बाजारात आणलं, म्हणून काही जुने ऑपरेटर आजही प्रत्येक टेलिहँडलरला लोडऑलच म्हणतात. फ्रान्सची मॅनिटू आणि इटलीची मर्लो ही या धंद्यातली आणखी दोन मोठी नावं. युरोपात ही यंत्रं बांधकामाइतकीच शेतावरही दिसतात. गवताच्या गठ्ठ्यांची थप्पी लावायला तिथला शेतकरी हेच वापरतो.

यंत्राची रचना सोपी आहे. चार मोठी चाकं आणि चारही चाकांना जोर. डावीकडे ऑपरेटरची केबिन. मागच्या बाजूला बिजागरीवर बसवलेला बूम, जो दुर्बिणीच्या नळ्यांसारखा एकातून एक बाहेर सरकतो. टोकाला फोर्क, बकेट, हुक किंवा पाळणा, जे हवं ते लावायचं. थोडक्यात, फोर्कलिफ्टला लांब हात फुटला आणि चिखलात चालायचे पाय आले, असं समजा.

हायड्रा सगळीकडे मिळतो, स्वस्तही पडतो. मग हे कशाला?

हायड्रा हेही मुळात एका कंपनीच्या क्रेनचं नाव, एस्कॉर्ट्सच्या; आता उचलून चालणाऱ्या प्रत्येक क्रेनला तेच चिकटलंय. हायड्रा भार टांगतो, टेलिहँडलर तो तळहातावर धरतो. सगळा फरक एवढ्यात आहे.

टांगलेला माल झुलतो, फिरतो, आणि त्याला आवरायला शेजारून एक माणूस हाताने धरून चालतो. हायड्राच्या अपघातात बहुतेक वेळा सापडतो तो हाच माणूस. शिवाय क्रेनला माल वरून सोडावा लागतो. वर स्लॅब पडला असेल तर खालच्या मजल्यावर माल आत ढकलता येत नाही. बाहेर काढलेला लोडिंग प्लॅटफॉर्म लागतो. टेलिहँडलर मात्र दोन स्लॅबच्या मधून हात घालून पॅलेट आत ठेवतो.

उलटही खरं आहे. दहा-बारा टनांचा तुळईचा तुकडा किंवा मोठा ट्रान्सफॉर्मर असेल तर टेलिहँडलरचं नाव काढू नका. आणि दहाव्या मजल्यावरच्या कामाला टॉवर क्रेन किंवा मटेरियल हॉइस्टच. टेलिहँडलरची खरी जागा चार-पाच मजल्यांपर्यंतच्या इमारती, गोदामं आणि कारखान्यांच्या शेड. भिवंडी-चाकणकडच्या गोदामांवर छताचे पत्रे आणि पर्लिन, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्या, चढवताना तो किती वेळ वाचवतो ते एकदा बघितलेला माणूस पुन्हा हायड्राकडे वळत नाही.

मॉडेलच्या नावातल्या आकड्यांचा अर्थ काय?

जेसीबीच्या ५३०-७० मधल्या ३० चा अर्थ ३ टन आणि ७० चा अर्थ ७ मीटर उंची. मॅनिटूचा क्रम उलटा आहे: एमटी १८४० म्हणजे साधारण १८ मीटर उंची आणि ४ टन. एका कंपनीच्या सवयीने दुसरीचं नाव वाचू नका. आणि मुख्य म्हणजे हे दोन्ही आकडे एकाच वेळी मिळतील असं धरू नका. पुढचा प्रश्न त्याबद्दलच आहे.

मशीन तीन टनी आहे म्हणता. मग आमचा दीड टनाचा पॅलेट उचलताना बंद का पडतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा चिडलेला असतो.

जत्रेतल्या खाली-वर फळीची कल्पना करा. टेलिहँडलरचा पुढचा आस हा त्या फळीचा टेकू. मागे यंत्राचं वजन, पुढे तुमचा माल. समजा यंत्र ८ टनांचं आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य पुढच्या आसाच्या १.५ मीटर मागे आहे. म्हणजे यंत्राची पकड ८ गुणिले १.५, १२ टन-मीटर. आता ३ टन माल आसापासून २ मीटरवर धरला तर उलटवणारा जोर ६ झाला. निम्मा, काही बिघडत नाही. तोच ३ टनांचा माल बूम लांबवून ५ मीटरवर नेला की १५. यंत्र नाकावर पडणार. ५ मीटरवर तेच ६ टन-मीटर राखायचे तर माल १.२ टनांचाच हवा.

हे ढोबळ गणित आहे. यात बूमचं स्वतःचं वजन धरलेलं नाही आणि बूम लांबला की तेही पुढे सरकतं, म्हणजे खरी स्थिती याहून नाजूक. त्यामुळे तीन टनी यंत्र पूर्ण आडव्या, पूर्ण लांबवलेल्या बूमवर साधारण एक टनाच्या आसपासच धरतं. तुमचं दीड टनाचं पॅलेट रस्त्याकडेला उभं राहून सात मीटर आत टाकायचं असेल तर मशीन बंद पडलं नाही. त्याने तुम्हाला वाचवलं.

म्हणून मागणी नोंदवताना टनांपुढे थांबू नका. तीन गोष्टी सांगा: मालाचं वजन, ठेवायची उंची आणि चाकापासून माल ठेवायच्या जागेपर्यंतचं आडवं अंतर. तिसरी गोष्ट टेपने मोजून सांगा. "असेल चार-पाच मीटर" याला आमच्याकडे किंमत नाही, कारण चार आणि पाच यांच्यामध्ये कधीकधी अर्धा टन जातो.

लोड चार्ट कसा वाचायचा?

केबिनमध्ये, ऑपरेटरच्या समोर किंवा बाजूला, वाकड्या रेषांनी भरलेलं एक चित्र असतं. उभ्या अक्षावर उंची, आडव्या अक्षावर अंतर, आणि पंख्यासारखे पट्टे. माल ठेवायची उंची आणि अंतर जिथे छेदतात तो बिंदू ज्या पट्ट्यात पडतो, त्या पट्ट्यावर लिहिलेलं वजन ही त्या जागेची मर्यादा.

फसायच्या जागा अशा. बहुतेक चार्टवर आडवं अंतर पुढच्या चाकांच्या कडेपासून मोजलेलं असतं, केबिनपासून नव्हे. शून्य कुठे आहे ते चित्रात बघून घ्या. यंत्राला जॅक, म्हणजे पुढे जमिनीवर टेकवायचे आधाराचे पाय, असतील तर जॅक टेकवून आणि जॅकशिवाय, असे दोन वेगळे चार्ट असतात. प्रत्येक अटॅचमेंटचा चार्ट वेगळा असतो; फोर्कचा चार्ट बघून हुक लावून उचलणं ही नेहमीची चूक आहे. आणि फोर्कवरच्या मालाचा मध्य फोर्कच्या उभ्या भागापासून किती पुढे धरलाय तेही चार्टवर लिहिलेलं असतं, बऱ्याचदा ५०० मिमी. पॅलेट फोर्कच्या टोकावर घेतलं की ते गणित मोडलं. पॅलेट नेहमी पाठीला टेकेपर्यंत आत घ्या.

चार्ट नसेल किंवा उन्हाने पुसून गेला असेल तर मशीन उतरवूनच घेऊ नका. निमित्त काहीही सांगू देत.

साइटवर वजनकाटा नाही. मालाचं वजन कसं काढायचं?

हिशेबाने. सिमेंटच्या २० गोण्या म्हणजे १ टन. काँक्रीट घनमीटरला साधारण २.४ ते २.५ टन, म्हणजे अर्धा घनमीटर भरलेली बकेट सव्वा टन, आणि रिकाम्या बकेटचं वजन वर. सळईचं सूत्र साइटवर सगळ्यांना पाठ असतं: व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किती किलो ते येतं. १६ मिमीची १२ मीटर लांब सळई १९ किलोची. अशा पन्नास बांधल्या की ९५० किलो.

एएसी ब्लॉक, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे, यांच्याबाबत सावध राहा. ६०० × २०० × २०० मिमीचा कोरडा ब्लॉक १४ ते १६ किलोचा. हलका म्हणूनच तो वापरतात, पण स्पंजासारखं पाणी पितो. ६० ब्लॉकचं पॅलेट कोरडं असताना ९०० किलो. उघड्यावर दोन दिवस पावसात राहिलं की ब्लॉकमागे चार-पाच किलो सहज वाढतात आणि तेच पॅलेट अकराशेच्या पुढे जातं. मे महिन्यात सुरळीत उचललेला माल जुलैत अलार्म वाजवतो तो यामुळे. कोकण-गोव्यात चिऱ्याचंही तसंच: एक चिरा पंचवीस-तीस किलोच्या घरात, ओला झाला की आणखी. गाडीवाल्याने सांगितलेल्या नगांवर विश्वास ठेवण्यापेक्षा स्वतः मोजा.

अलार्म सारखा वाजतो. ऑपरेटर म्हणतो सेन्सर खराब आहे, बायपास करू का?

नको.

सेन्सर खराब होतो, हे खरं. मागच्या आसावरचा भार किती हलका झालाय हे तो मोजत असतो. धूळ, पाणी, तुटलेली वायर यांनी तो चुकतो. पण माझ्या अनुभवात दहा तक्रारींपैकी सात-आठ वेळा सेन्सर बरोबर होता आणि मालाचा अंदाज चुकीचा. खात्री करायची असेल तर बूम पूर्ण आत घेऊन, रिकाम्या फोर्कवर बघा. तरीही वाजत असेल तर मेकॅनिकला बोलवा. माल धरल्यावरच वाजत असेल तर माल कमी करा किंवा यंत्र जवळ आणा.

चावी फिरवून मर्यादा तात्पुरती बंद करायची सोय काही यंत्रांत असते. ती अडकलेल्या यंत्राला सोडवण्यासाठी असते. ती चावी ऑपरेटरच्या खिशात नाही, सुपरवायझरच्या कुलपात असायला हवी.

माल वर असताना मशीन पुढे झुकतंय असं वाटलं तर काय करायचं?

आधी आत, मग खाली. हे ऑपरेटरने झोपेतही म्हणावं.

घाबरलेला माणूस बूम खाली घेतो. मनाला वाटतं, जमिनीजवळ नेला की सुरक्षित. पण उंच उचललेला बूम तसाच लांब ठेवून खाली आणला की त्याचं टोक आणखी पुढे जातं, घड्याळाचा काटा बाराकडून तीनकडे यावा तसं. अंतर वाढतं आणि जे झुकत होतं ते उलटतं. बूम आत ओढला की अंतर कमी होतं, मागची चाकं पुन्हा टेकतात. चांगल्या यंत्रातली मर्यादा प्रणाली म्हणूनच अशा वेळी बूम लांबवणं आणि खाली घेणं दोन्ही अडवते आणि फक्त आत घेऊ देते. ऑपरेटरला वाटतं मशीन अडलं. ते अडलेलं नसतं, एकच दार उघडं ठेवलेलं असतं.

तरीही उलटलंच तर उडी मारू नका. केबिनचा सांगाडा माणूस वाचवण्यासाठीच केलेला असतो, पण तो आत असलेल्या माणसाला वाचवतो. पट्टा लावलेला असावा, स्टिअरिंग घट्ट धरावं, पडण्याच्या विरुद्ध बाजूला रेलावं. उडी मारलेला माणूस बऱ्याचदा त्याच केबिनखाली सापडतो.

जमीन कशी असावी? जॅक लावले की झालं ना?

जॅक लावले की टेकू पुढे सरकतो, म्हणून क्षमता वाढते. पण सगळा भार मग जॅकच्या छोट्या पायांवर येतो.

हिशेब करून बघा. यंत्र १२ टन, माल २ टन. बूम लांबवला की मागची बाजू जवळपास हलकी होते आणि पुढच्या दोन जॅकवर प्रत्येकी ६ टनांच्या आसपास भार येतो. जॅकचा पाय ३० × ४० सेंमीचा असेल तर चौरस मीटरला ५० टनांचा दाब झाला. चांगला दाबलेला मुरूम २०-२५ सहन करतो. काळी माती पावसाळ्यात त्याच्या जवळपासही नाही. पायाखाली ७५ सेंमी चौरस जाड लोखंडी प्लेट किंवा सागाच्या फळ्यांची चौकट टाकली की तोच दाब ११ टनांखाली येतो. एका प्लेटचा फरक एवढा.

एक प्रसंग सांगतो. हिंजवडीजवळच्या एका साइटवर जूनच्या पहिल्या पावसानंतर आमचं चौदा मीटरचं मशीन उभं केलं. जमीन वरून टणक दिसत होती, खडी पसरलेली. खाली ड्रेनेजची चारी होती, महिन्यापूर्वी बुजवलेली, आणि ती दाखवणारा नकाशा कार्यालयात होता, साइटवर नव्हता. टाइल्सचं पॅलेट तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर असताना डावा जॅक हळूच वीतभर खाली गेला. ऑपरेटर जुना होता. त्याने खाली बघितलंही नाही, आधी बूम आत घेतला. टाइल्सचे दोन खोके पडले, बाकी काही नाही. प्लेटा गाडीतच होत्या. मीच म्हणालो होतो, "खडी आहे, चालेल."

तेव्हापासून तीन गोष्टी मी स्वतः विचारतो. इथे खाली काय पुरलंय? हा भराव कधीचा? खड्ड्याची कड किती लांब? बेसमेंटच्या खोदकामाजवळ साधा नियम असा: खड्डा जितका खोल, कडेपासून किमान तितकं लांब. तीन मीटर खोल असेल तर तीन मीटर. भिंत बांधून आधार दिलेला असेल तर गोष्ट वेगळी, पण मग ते डिझाइन करणाऱ्याने लिहून द्यावं.

जमीन थोडीशी तिरकी असली तर?

'थोडीशी' किती? केबिनमध्ये पाण्याच्या पातळीसारखा बुडबुडा असतो, तो बघा. यंत्र आडवं ३ अंश कललं आणि बूम १२ मीटर वर असला तर टोक साठ सेंमीहून जास्त बाजूला गेलेलं असतं. माल चाकांच्या मधोमध आहे असं तुम्हाला वाटतं, तो असतो एका चाकाच्या दिशेने. मोठ्या यंत्रांना सांगाडा सरळ करायची सोय असते. ती बूम खाली आणि आत असतानाच वापरायची. माल वर नेल्यावर सरळ करायला जाणं म्हणजे उभ्या शिडीचा पाय हलवणं.

माल घेऊन साइटवर फिरवता येतो का?

हो, त्यासाठीच तर घेतो. बूम पूर्ण आत, माल जमिनीपासून फूटभर वर, चालायच्या वेगाने. चढावर माल चढाच्या बाजूला. पुढची चाकं, चारही चाकं आणि खेकड्यासारखं तिरकं, असे स्टिअरिंगचे तीन प्रकार असतात. प्रकार बदलताना चाकं सरळ करून घ्या, नाहीतर यंत्र भलतीकडेच वळतं.

उजवीकडे बघायला विसरू नका. केबिन डावीकडे आणि बूम उजवीकडे असल्यामुळे उजव्या मागच्या कोपऱ्यात उभा माणूस ऑपरेटरला दिसत नाही. आरसे आणि कॅमेरा मदत करतात, पण सिग्नल देणारा एकच माणूस ठरलेला हवा. मुकादम, हेल्पर आणि वॉचमन तिघं एकदम हात हलवतात तेव्हा ऑपरेटर कोणाचंच ऐकत नाही.

पॅलेट थेट स्लॅबवर ठेवलं तर चालेल?

इथे यंत्राचा प्रश्न संपतो आणि इमारतीचा सुरू होतो. राहत्या घराच्या खोल्यांसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या भाग २ मध्ये धरलेला वापराचा भार चौरस मीटरला २ किलोन्यूटन आहे, म्हणजे साधारण २०० किलो. सव्वा टनाचं पॅलेट सव्वा चौरस मीटर जागेवर बसतं, म्हणजे चौरस मीटरला १ टन. पाचपट.

एका पॅलेटने स्लॅब कोसळेल असं नाही, कारण भार पूर्ण पॅनलवर वाटला जातो. पण टेलिहँडलरचा वेग हीच इथली अडचण. हायड्राने दिवसभरात जितकी पॅलेट चढली असती तितकी हा तासाभरात चढवतो, आणि सगळी एकाच उघड्या कडेवर, कारण बूम तिथवरच पोचतो. चार पॅलेट ओळीने कडेच्या स्लॅबवर, खाली टेकू कालच काढलेले. आरसीसी सल्लागाराकडून आधीच लिहून घ्या: कुठे ठेवायचं, एका वेळी किती, टेकू कुठे राहू द्यायचे. वर पॅलेट ट्रॉली घेऊन दोन माणसं तयार ठेवा, म्हणजे आला माल तसा आत सरकतो.

त्या दोन माणसांना हार्नेस. माल घेण्यासाठी कडेचा कठडा काढलेला असतो आणि त्यांचं लक्ष फोर्ककडे असतं.

पाच मिनिटांचं काम आहे, पॅलेटवर माणूस उभा करून वर पाठवू का?

नाही. पाच मिनिटांचं असलं तरी नाही, रिकाम्या ड्रमात उभा केला तरी नाही, दोरीने बांधला तरी नाही.

माणसासाठी वेगळा पाळणा मिळतो, तो फोर्कवर टेकत नाही, यंत्राच्या टोकाला पिनने बसतो. त्यात चढलेल्या माणसाकडे स्वतःचे नियंत्रण असते, यंत्र तो पाळणा ओळखतं आणि त्याप्रमाणे आपल्या मर्यादा कमी करतं. असा पाळणा आणि त्याला मान्यता असलेलं यंत्र दोन्ही एकत्र हवं. गॅरेजमध्ये वेल्ड करून आणलेला पिंजरा म्हणजे पाळणा नव्हे. आमच्याकडून यंत्र घेताना ही अट करारात असते आणि ती मोडली तर त्याच दिवशी मशीन परत नेतो. यावर वाद घालायला माझ्याकडे वेळ नाही.

हुक लावून सळई उचलता येते?

येते, पण त्या क्षणापासून तुमच्याकडे क्रेन आहे, आणि क्रेनचे सगळे नियम लागू. कंपनीचा हुक किंवा जिब, म्हणजे हुक असलेला जोडहात, वापरा. फोर्कला साखळी गुंडाळून उचलू नका, ती सरकते. बारा मीटरची मोळी दोन ठिकाणी बांधा, टोकाला दोरी लावा आणि दोरी धरणारा लांबून चालू दे. माल टांगलेला असताना ब्रेक दाबला की तो पुढे झुलतो आणि अंतर तेवढं वाढतं. चार्टवर ते झुलणं दिसत नाही. म्हणून टांगलेला माल घेऊन शक्यतो चालूच नका.

वरून महावितरणची लाइन जाते. किती अंतर ठेवायचं?

आधी लाइन बंद करून मिळते का ते बघा. मिळत नसेल तर ११ ते ३३ किलोव्होल्टच्या लाइनपासून बूमचं टोक आणि माल, दोन्ही, किमान ३ मीटर लांब राहतील अशी आखणी करा, आणि तिथे फक्त तारेकडे बघणारा एक माणूस ठेवा. त्याला दुसरं काम देऊ नका. खालून बघणाऱ्याला तार नेहमी असते त्यापेक्षा लांब वाटते.

चुकून टेकलंच तर ऑपरेटरने केबिनमध्येच बसून राहावं आणि बूम सुटत असेल तर बाजूला घ्यावा. खालच्यांनी यंत्राला हात लावू नये. आग लागली म्हणून उतरावंच लागलं तर यंत्र आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न करता, दोन्ही पाय जोडून उडी मारायची आणि पाय न उचलता घसटत लांब जायचं.

वारा किती असला तर थांबायचं?

यंत्राच्या पुस्तकात मर्यादा लिहिलेली असते. माणसांच्या पाळण्यासाठी बहुतेक यंत्रांवर सेकंदाला १२.५ मीटर, म्हणजे ताशी ४५ किमी ही मर्यादा दिसते. पण मालाचा आकार त्याहून महत्त्वाचा. विटांचं पॅलेट वाऱ्याला जुमानत नाही; छताचा पत्रा किंवा प्लायवुडची चळत पतंग होते. आपल्याकडे खरी भीती मे महिन्यातल्या वळवाची. दुपारभर पान हलत नाही आणि चार वाजता दहा मिनिटांत सगळं उडतं. पश्चिमेकडे ढग काळे दिसले की पत्र्याचं काम थांबवा, वारा सुटायची वाट बघू नका.

आमच्याकडे जेसीबी चालवणारा चांगला ऑपरेटर आहे. तो चालवेल का?

चालवेल, शिकवल्यानंतर. लिव्हर त्याला तासाभरात जमतील. त्याचा हात चांगला असतो, पण सवय वेगळी. बॅकहोला अडलं की आणखी जोर लावायचा असतो; इथे अडलं की थांबायचं असतं. इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलचं ऑपरेटर प्रमाणपत्र असेल तर उत्तम. नसेल तर यंत्र देणाऱ्याकडून किमान काही दिवस सोबतीला जाणकार मागा. मी नव्या ऑपरेटरला एकच प्रश्न विचारतो: चार्टवर बोट ठेवून सांग, आठ मीटर उंच, चार मीटर पुढे, किती? जो बोट ठेवायच्या आधी उत्तर देतो त्याला मी परत पाठवतो.

कोणते कागद बघायचे?

१९९६ चा बांधकाम कामगार कायदा, त्याखालचे १९९८ चे केंद्रीय आणि २००७ चे महाराष्ट्राचे नियम, ही आजवरची चौकट. आता कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. केंद्रीय नियमांत उचल यंत्रांची पहिल्या वापराआधी आणि मोठ्या दुरुस्तीनंतर सक्षम व्यक्तीकडून चाचणी, दर ५ वर्षांनी पुन्हा चाचणी आणि दर १२ महिन्यांनी सखोल तपासणी सांगितली आहे. तपासणीचा दाखला बघा आणि त्यावरचा यंत्राचा क्रमांक प्लेटवरच्या क्रमांकाशी जुळवा. हे जुळवणं कोणी करत नाही, म्हणूनच एका दाखल्यावर दोन यंत्रं फिरतात.

सोबत आरटीओ नोंदणी, विमा, पीयूसी. यंत्र रस्त्यावरून लांब चालवत आणण्यापेक्षा ट्रेलरवर आणा. नवं यंत्र घेत असाल तर १ जानेवारी २०२५ पासून बांधकाम यंत्रांना पाचव्या टप्प्याचे उत्सर्जन नियम लागू आहेत. इंजिनात काजळी अडवणारा फिल्टर आलाय आणि भेसळीचं डिझेल त्याला चालत नाही. बॅरलमधून डिझेल भरणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं.

भाड्याच्या करारात काय बघायचं?

दर विचारण्याआधी तास विचारा. महिना म्हणजे २६ दिवस आणि रोजचे १० तास, एकूण २६० तास, अशी पद्धत बरीच चालते; पण काही जण ८ तास धरतात आणि वरचा वेळ वेगळा लावतात. डिझेल बहुतेक तुमचं, ऑपरेटर त्यांचा, त्याच्या राहण्या-जेवणाचं काय ते लिहून घ्या. आणण्या-नेण्याचा ट्रेलर कोणाचा? बिघाडात बंद राहिलेले दिवस कापले जाणार का? टायर फुटला तर कोणाचा? सळईचे तुकडे पसरलेल्या साइटवर हा शेवटचा प्रश्न स्वस्त नाही. अटॅचमेंटही आधीच ठरवा. फोर्क समजून घेतलेल्या यंत्राला बकेट नंतर मागितली की दर वेगळा.

स्वतःचं घ्यावं का, असंही विचारतात. वर्षातले आठ-नऊ महिने सलग काम असेल तर विचार करा. त्याखाली भाड्याचंच बरं.

रोज सकाळी काय तपासायचं?

ऑपरेटर यंत्राभोवती एक चक्कर मारतो, चहाच्या आधी. टायरची हवा: एका चाकात कमी असेल तर यंत्र कललेलंच उभं राहतं, बाकी सगळं बरोबर असून. चाकांचे नट. फोर्क आणि अटॅचमेंटच्या पिना, कुलपासह. बूम पूर्ण लांबवून आतल्या सरकपट्ट्या आणि साखळ्या. भोंगा, मागे जातानाचा आवाज, मर्यादा प्रणालीची चाचणी.

तेल गळतंय असं वाटलं तर बोट फिरवून शोधू नका. दाबाखालचं तेल सुईच्या छिद्रातून कातडीत घुसतं. जखम डासाच्या चाव्याएवढी दिसते आणि उशीर झाला तर हात जातो. पुठ्ठ्याचा तुकडा धरा. आणि बूमच्या सिलिंडरवरचे झडप-ठोकळे कोणालाही उघडू देऊ नका. पाइप फुटला तरी बूम वरच राहतो तो त्यांच्यामुळे.

काम संपल्यावर मशीन कसं ठेवायचं?

सपाट जागेवर. बूम आत, फोर्क जमिनीला टेकवलेले, हँडब्रेक, चाकाला ओट. फोर्कवर माल ठेवून जेवायला जाऊ नका. चावी काढून घ्या. रात्री साइटवर राहणाऱ्या पोरांना हे यंत्र खेळण्यासारखं दिसतं.